जांभळ्या-पिवळ्या कपातली कॉफी

कोरियातल्या कॉफीची गोष्ट म्हटल्यावर तुमी आता बर्फ, विमान आणि एखादी गोरीपान पोरगी धरून बसला असशीला. उठा. माझी शाळा जयसिंगपुरातली, घर शिवाजी पेठेतलं आणि पन्हाळ्याच्या वर मी कधी चढलेलो न्हाय. कोरियाला माझी चुलतबहीण गेलती, दुकानांची चिन्हं काढायच्या कामाला.

परत येऊन ताईनं शिवाजी पेठेत कॉफीचं दुकान काढलं. तिकडं म्हणे गल्लीगल्लीत कॉफी. एक माणूस एक कप घिऊन दुपारभर बसतो आणि कोण त्याला उठ म्हणत न्हाय. दुकानावर एवढंसं चिन्ह, लोक त्येच्यावरनंच दुकान वळखतात. हिनंबी तसंच केलं. पांढऱ्या भिंतीवर एक गोल, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. कपावरबी त्योच. नाव न्हाय, फोटो न्हाय, शुभेच्छुक न्हायत. हा गोल पेठेनं आपला म्हटला पायजे, एवढाच तिचा ध्यास.

आपला म्हणतीय पेठ! जांभळा-पिवळा म्हंजे पल्याडच्या पेठेची फुटबॉलची जर्सी. त्यांनी ती बदलली तवा ताई कोरियात हुती. आणि गेल्या हंगामात त्यांनीच आमाला धुतलंतं.

पहिल्या दिवशी पोरं दाराबाहेर हाताची घडी घालून उभी. पुढं आमच्या तालमीचे वस्ताद; पेठेचा फुटबॉलचा संघबी तालमीचाच. ताईनं गोडीत सांगून बघितलं की ही जर्सी नव्हं, सांजंचं आभाळ हाय.

वस्ताद म्हणाले, "आभाळ तुझ्या कोरियात. हितं ही त्यांची जर्सी हाय. ह्या कपातनं पेठेतलं कोणबी पिणार न्हाय."

माझं डोस्कं सरकलं. हेडमास्तरापासनं एसटीच्या कंडक्टरपतोर मी सगळ्यांच्या नकला केल्यात, ह्यांनाच का सोडायचं? वस्ताद रोज सकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितात. मी पोट पुढं काढलं, त्यांच्यासारखा घसा खाकरला आणि त्यांच्याच आवाजात म्हटलं, "ए पोरांनो, म्हशीला सांगा, बादली जांभळी असली तर धार सोडू नको."

पोरं हसून फुटली. एक आत आला, मग सगळीच, परत कर म्हणत. वस्ताद चपला ओढत निघून गेले. दुकान गच्च भरलं.

शटर ओढल्यावर शाबासकी मिळंल म्हणून मी उभा. ताई गल्ल्यावरनं उठलीच न्हाय.

"ती पोरं कॉफीला आली व्हय? तुझी थेरं बघायला आली. एकानं तरी कपाकडं बघितलं? वस्तादांचा कप मी भरून ठेवलाता. हे बघ, साय धरली त्येच्यावर. त्यांनी एक घोट घेतला असता तर हा रंग आपला झाला असता. आता बस, रोज त्यांची नक्कल कर आणि रोज पोरं हसव. उद्या सकाळी कट्ट्यावर जायाचं. हाच कप, ताजी कॉफी, आणि सगळ्यांच्या देखत पाया पडायचं. त्यांनी घेतला न्हाय तर परवा जा, तेरवा जा. आणि तितं तोंड वाकडं केलंस तर हितं पाऊल ठेवू नको."