दिगंबर सरांचा गुप्त शब्द

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की सेलूच्या आमच्या कॉलेजात भरवसा ठेवावा असा एकही इसम नव्हता. हे मत गणिताच्या दिगंबर सरांचं. डबा खातानासुद्धा ते झाकण आडवं धरत.

आदल्या वर्षी आमचा एक पेपर फुटला होता. त्यातच कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला आणि सरांना आयुष्याचा सोबती मिळाला. दसऱ्याच्या सुट्टीआधी त्यांनी सहामाहीचे सगळे पेपर त्यावर टाइप केले आणि एक गुप्त शब्द देऊन पार दळून टाकले. मी तिथला कारकून; पडद्यावर वाकून पाहिलं, तर प्रश्नांच्या जागी नुसती चिन्हं, आकडे आणि मधूनच एखादा हसरा चेहरा!

"कपाट फोडता येतं," सर म्हणाले, "इथं फोडायला कायच न्हाई. माझा शब्द दिला, की अक्षरं गपगुमान जाग्यावर येऊन बसतात."

"आणि चुकीचा दिला तर?"

"तर नवी खिचडी. चुकलं म्हणून सांगायचं न्हाई, बिलकुल!"

तो शब्द सरांनी कुठंही लिहिला नव्हता. "लिहिला की वाटला," म्हणायचे.

बंदमुळे परीक्षा एकदा पुढे गेलेलीच होती. सुट्टीनंतर मुलं बाकांवर येऊन बसली आणि सरांनी शब्द दिला. खिचडी! पुन्हा दिला. तीच खिचडी! शब्द देताना तो पडद्यावर उमटत नसे, त्यामुळे काय चुकतंय तेच कळेना. सर उठत, बसत, शर्टाचं वरचं बटण लावत, काढत. तिकडे मुलांनी बाकं बडवायला सुरुवात केली.

प्राचार्य कडाडले, "दिगंबरराव, आज परीक्षा झाली नाही, तर हे यंत्र अडगळीत जाईल. पुन्हा तुम्ही आणि तुमचा खडू!"

सरांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "सर, शब्द एकदा साध्या पानावर टाइप करून बघा ना."

"तुमच्यादेखत?"

अखेर प्राचार्य, मी आणि सरांच्याच गावचे, वालूरचे, शिपाई मारुतीमामा अशा तिघांना त्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शिक्षा झालेल्या पोरासारखे प्राचार्य हात मागे बांधून उभे! पाठीमागे टकटक झाली. आणि एकदम सर ओरडले, "अरे, चंद्रीतला डी कुठं गेला?"

डीचं बटण दबतच नव्हतं. सरांनी कीबोर्ड उलटा करून झटकला, तर त्यातून अक्षता गळल्या! खंडेनवमीला मामांनी यंत्राची पूजा केली होती, चांगली मूठभर अक्षता वाहून. सरांनी पुन्हा शब्द दिला. प्रश्न आपापल्या जागी येऊन बसले, प्रिंटर करकरू लागला, आणि सरांनी घाम पुसला.

मामांची मान मात्र अजून भिंतीकडेच होती. तसेच ते बोलून गेले, "चंद्री? म्हंजे तुमच्या म्हशीच्या नावापायी सगळं कालेज ताटकळायलं होतं व्हय, सर?"