गरम नालीतली कात्री

प्राचीचा फोन आला तेव्हा मी ओटीवर बसून चहा पीत होतो. प्राची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, डॉक्टर सुलोचनाची, शेवटची विद्यार्थिनी. "आजोबा, मॅडम गेल्या," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मीच तिला म्हटलं, पोरी, आधी घोटभर पाणी पी. झोपेतच गेली, कुणाला काही त्रास दिला नाही, हे तिनं मग सांगितलं. मी म्हटलं, त्रास न देता गेली? मग ती सुलोचनाच होती का, ते नीट बघून घ्या... पोरगी रडता रडता हसली. आमच्या घरात माणूस गेल्यावर हसायला बंदी नाही, आणि सुलोचनासाठी तर नाहीच नाही.

पुढं तिच्या संस्थेत शोकसभा झाली. मोठमोठी माणसं चांगलं बोलली. एक जण म्हणाला, मॅडमनी शोधनिबंध थोडेच लिहिले, पण जगभरच्या लोकांनी त्यांचा आधार घेऊन आपापलं लिहिलं. मग भिंतीवर एक चित्र दाखवलं. कोणत्या साली किती जणांनी सुलोचनाचं नाव आपल्या लेखात घातलं, त्याची रेघ होती ती. सत्तरच्या पुढं थोडी वर, मग एकदम खाली, आणि मग जी चढली ती चढतच गेली. टाळ्या पडल्या. पण ती रेघ मध्येच खाली का बसली आणि कुठल्या नालीतून वर आली, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, मला बोलायला कुणी सांगितलं नाही. म्हणून इथं लिहितो. मी तिसरी शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

आम्ही भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीचे. भाताची शेती. मास्तरांनी मला विनाकारण मारलं म्हणून मी शाळा सोडली. ते ये म्हणाले नाहीत, मी गेलो नाही. सुलोचना हट्टाला माझ्यासारखीच, फक्त उलट्या दिशेनं. तिला लावणीसाठी शाळेतून काढून आणली, की ती हातपाय धुऊन परत वर्गात जाऊन बसायची. बापानं शेवटी हात टेकले. ती शिकत शिकत ठाण्याला गेली, तिथून मुंबईला, आणि जंतूंच्या पोटातलं बघणारी डॉक्टर झाली. गावातले लोक तिला ताप दाखवायला यायचे. ती म्हणायची, मी माणसांची डॉक्टर नाही. मग आमची आई त्यांना बाहेर सोडताना हळूच सांगायची, "अजून पुरती शिकली न्हाय हो ती."

सत्तर सालानंतर मी भिवंडीत युनूस सेठच्या सायझिंगमध्ये मुकादम होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लूमवर सूत तुटू नये म्हणून ते आधी गरम खळीतून काढतात, त्या कामाला सायझिंग म्हणतात. वाफेवर खळ शिजते, आणि तिचं उरलेलं पाणी दिवसरात्र वाफाळत नालीतून वाहतं. नालीच्या कडेला बुळबुळीत पिवळा थर धरतो. वास असा की नवा कामगार पहिल्या दिवशी जेवत नाही. सुलोचना एकदा मला डबा द्यायला आली आणि डबा हातातच ठेवून त्या नालीवर वाकली.

"दादूस, एवढ्या गरम पान्यात हे वाढलंय कसं?"

"घाण हाय ती बाय, घाणीला काय लागतं वाढायला?"

"ही घाण जिती हाय," ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातली लोणच्याची बाटली रिकामी करून तिच्यात तो थर भरून घेऊन गेली. पुढं कितीतरी दिवस कामगार मला चिडवायचे, "मुकादम की बहन नाली सूंघने आती है."

त्या थरात तिला एक नवा जंतू सापडला. त्याचं महत्त्व तिनं मला माझ्या भाषेत सांगितलं. कापडाच्या ताग्याला निशाणी असते, कात्री तिथंच लावायची. तसा प्रत्येक जिवाच्या आत एक लांबच लांब धागा असतो, आणि या जंतूजवळ अशी कात्री होती की ती त्या धाग्यावर एकच निशाणी ओळखायची, तिथंच कापायची, दुसरीकडे नाही. शिवाय गरम पाण्यातली, म्हणून उकाड्यातही बोथट न होणारी. तेव्हा जगात जो तो असल्या कात्र्यांच्या मागं लागला होता. सुलोचनाचा लेख बाहेरदेशी छापला गेला, त्यात भिवंडीचं नाव होतं, आणि तिला देशोदेशींहून कार्डं यायला लागली, की तुमच्या लेखाची प्रत पाठवा. तिकिटं माझ्या पोरांना मिळायची. पोरांचा शाळेत भाव वाढला.

मी विचारलं, तुझ्या लेखाचं चांगलं झालं हे कळतं कसं? ती म्हणाली, दुसरे लोक आपल्या लेखात माझ्या लेखाचं नाव देतात, त्यावरून. मी म्हटलं, आणि कुणी तुझं चुकलं असं लिहिलं तर? "तेही मोजतात, दादूस." मला हे अजिबात पटलं नाही. आमच्याकडं शिव्या देणाऱ्याला पंगतीत धरत नाहीत. यावर आमचं एक अख्खं जेवण भांडणात गेलं. माझी बायको मंजुळा म्हणाली, "दोघं मिलून आमटी तरी संपवा."

आणि मग नेमकं तेच झालं, तिचं चुकलं असं लिहिणारा निघाला. संस्थेतली जंतूंना ऊब देणारी पेटी सुट्टीत बंद पडली आणि तिचे सगळे जंतू मेले. लोक जंतू मागत होते, तिच्याकडं द्यायला काही उरलं नव्हतं. एका परदेशी साहेबानं छापून टाकलं, की हा जंतू लेखिकेशिवाय कुणी पाहिलेला नाही, तेव्हा तो आहे तरी का? त्यानंतर जो कोणी तिचं नाव घेई, तो त्या साहेबाचा हवाला देऊन घेई. हळूहळू तेही थांबलं. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं, पुढच्या बैठकीपर्यंत जंतू दाखवा, नाहीतर लेख मागं घेतला असं छापा. सुलोचनानं आयुष्यात एकदा पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं नव्हतं. मला म्हणाली, "दादूस, मी रविवारी येतंय. नाली हाय ना?" मी म्हटलं, नाली कुठं जातेय.

मी युनूस सेठला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. "डॉक्टर साहिबा फिरंगियों से लड़ रही हैं, और हमारी नाली के लिए आ रही हैं? मुकादम, नाली की हालत देखी है? इज्जत का सवाल है!" शुक्रवारी भिवंडीत सगळं बंद असतं. तो अख्खा दिवस आम्ही कामाला लागलो. लोखंडी ब्रशनं थर खरवडून काढला, ब्लीचिंग टाकलं, उकळतं पाणी सोडलं, दोन्ही काठांना चुना मारला. मंजुळेनं नालीच्या तोंडाशी रांगोळी काढली. नाली इतकी पांढरी झाली, की युनूस सेठ तिच्याकडं बघून म्हणाला, "इसमें तो बिरयानी परोस दो."

रविवारी सुलोचना बाटल्यांची पेटी घेऊन आली. सेठनं खुर्ची मांडली होती, सरबत ठेवलं होतं. तिनं नाली बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीत बसली. सेठ घाबरून मला विचारतो, "कुछ कमी रह गई क्या?" आणि तिला हसू फुटलं. अशी हसली, अशी हसली, की सरबत सांडलं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, ते मला कळत होतं.

"दादूस, माझा जंतू धुतलास तू."

"पाहुणी येणार म्हटल्यावर जागा साफ करणारच. तू आधी का न्हाय सांगितलंस की घाण पाहिजे?"

मी आजही हेच म्हणतो. तिनं सांगायला हवं होतं.

युनूस सेठ मानी माणूस. म्हणाला, भिवंडीत सायझिंगला तोटा आहे का, चला. आम्ही तिघं निघालो. पण आमच्या पुढं बातमी पळत होती, की कोणी साहेबीण नाल्या तपासत फिरतेय. ज्या सायझिंगला जावं तिथं माणसं झाडू घेऊन नालीत उतरलेली! एकानं तर आमच्यासमोर फिनाईलची बाटली ओतली आणि सलाम ठोकला. सुलोचना म्हणाली, "आता घरी चला. मी अजून फिरले तर भिवंडीत एक जंतू जिता राहनार न्हाय."

घरी येऊन तिनं मंजुळेचं जुनं लुगडं मागितलं. काष्टा घातला, केस तेलानं चापून बांधले, घमेलं घेतलं. बाया भांडी घासायला बॉयलरची राख न्यायला सायझिंगवर जायच्या, त्यांच्यात ती मिसळली. मंजुळा सोबत गेली, म्हणून पुढचं मला तिच्याकडून कळलं. नाक्यावरचा एक सेठ सरकार आलं तरी झाडू हलवणार नाही असा माणूस होता. त्याच्या नालीला हाताच्या पंज्याएवढा थर. सुलोचना वाकून तो खरवडायला लागली तसा तो ओरडला, "ए बाई! क्या ले जाती है?"

"घान नेतंय सेठ, तुजी. फुकट नेतंय म्हून बोंबलतोस काय?"

सेठ म्हणाला, "ले जा, ले जा, रोज आया कर!" मंजुळा सांगायची, ती डॉक्टर आहे याचं मलासुद्धा भान राहिलं नाही. अशी शेलकी बोली तर मलाही येत नाही, म्हणायची.

मग वाट बघणं आलं. तो थर त्याच जातीचा निघेल का, त्यात ती कात्री असेल का, काहीच ठाऊक नव्हतं. बैठकीच्या आदल्या दिवशी तिनं युनूस सेठच्या ऑफिसात फोन केला. मी खळीचे हात तसेच घेऊन धावलो. "दादूस, कापतेय," म्हणाली, "त्याच निशाणीवर कापतेय!" मी तिथंच मोठ्यानं ओरडलो, आणि युनूस सेठनं काय झालं हे न विचारताच सगळ्या शिफ्टला चहा सांगितला.

तिनं जंतू मागेल त्याला पाठवले, त्या परदेशी साहेबाला सगळ्यात आधी. वर्षभरानं त्यानं छापलं, की आम्ही तपासलं, ती सांगते तिथंच कापतं. सुलोचना ते मला वाचून दाखवायला आली. मी विचारलं, माफी मागितली का त्यानं? ती म्हणाली, "आमच्यात माफी न्हाय मागत. नाव घेऊन बरोबर हाय म्हनतात, झालं." मी म्हटलं, ही कसली रीत. पण त्या दिवशी तिनं ती एकच ओळ मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, आणि मी प्रत्येक वेळी ऐकली. शोकसभेत जी रेघ चढताना दिसली, ती त्या ओळीपासून.

पुढं तिनं बरंच केलं, मोठी झाली, म्हातारी झाली. एक सवय मात्र सोडली नाही. कुठं कुणी नव्यानं तिच्या त्या लेखाचं नाव घेतलं, की मला फोन करायची. कुठल्या देशाचा माणूस ते ती सांगायची, मी विचारायचो, बाजूनं की विरुद्ध? बाजूनं असला, की आमचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. विरुद्ध असला, की तासभर चालायचं, कारण त्याला काय उत्तर द्यायचं हे ती मला सांगून बघायची. मला कळायचं नाही, पण मी "बरोबर, असंच ठणकाव" म्हणायचो.

ती गेल्यावर तो फोन संपला असं मी धरून चाललो होतो. गेल्या रविवारी प्राचीचा आला. चाचरत म्हणाली, "आजोबा, मॅडमच्या त्या लेखावर नवीन एकानं लिहिलंय. त्याला त्या गेल्याचं माहीत नाही."

मी म्हटलं, बाजूनं की विरुद्ध?

"विरुद्ध," ती हळूच म्हणाली. "सॉरी आजोबा."

मी खुर्ची पुढं ओढून नीट बसलो आणि म्हटलं, सॉरी कशाला, पोरी? घाई नाही ना तुला? मग सांग बघू, काय म्हणतो तो... आणि आपण त्याला काय ठणकावायचं?