काटा आणि कुरडया

सातपूरच्या कंपनीची बस मला द्वारका चौकात एका शेठच्या ताडपत्रीच्या दुकानासमोरून घ्यायची, एवढीच त्याची-माझी ओळख. गल्ल्यामागच्या भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं, घड्याळासारखं एक पितळी यंत्र होतं. गिऱ्हाईक आलं की तो उठून काचेवर नखाने टकटक करायचा आणि गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणायचा, "दाब उतरलाय, दादा."

मार्चात एकदा मी बसची वाट बघत दुकानात उभा असताना येवल्याकडचा एक शेतकरी आला. त्याचा कांदा काढून शेतातच पडला होता.

"पण शेठ, आभाळ तर कुठंच नाय."

"आभाळ मागनं येतं. उत्तरेची गार हवा खाली सरकलीय, बंगालकडची ओली हवा तिला भिडणार. मग गारा. बघा बुवा, मी फक्त काटा सांगतो."

शेतकऱ्याने दोन ताडपत्र्या उचलल्या. मी बाहेर येऊन वर पाहिलं. दुकानावरच त्याचं घर, आणि गच्चीभर साडीवर घातलेल्या त्याच्या बायकोच्या कुरडया वाळत होत्या. पुढचा आठवडाभर दाब रोज उतरत होता आणि कुरडया रोज उन्हात होत्या. शास्त्र खरं असेल, पण हा माणूस काही मला खरा वाटेना.

मग एका सकाळी, लख्ख उन्हात, तो तेच वाक्य दुसऱ्या कुणाला ऐकवत होता. मी सवयीने वर पाहिलं. त्याची बायको ओल्या कुरडयांची साडी चारी टोकांनी उचलून घाईघाईने गच्चीचा बाहेरचा जिना उतरत होती.

मला ना शेत, ना कांदा. तरी मी आत गेलो आणि एक ताडपत्री मागितली.