उपासनेत झोपलेली आई

मंडळी, आज सकाळी चर्चमध्ये उपदेश चालू असताना मला डुलकी लागली. सुनेने कोपर मारून उठवलं. घरी आल्यापासून अंग गळून गेलंय, आणि डोक्यातून आई जात नाही.

सन साठ-बासष्टच्या सुमाराची, माझ्या लहानपणची गोष्ट. कोरीटकडे आमच्या गावात कुडाच्या भिंतींचं लहानसं चर्च होतं. वडील वारले होते. आई आठवडाभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले, की बसल्या जागी झोपायची.

एकदा मंडळीतले एक म्हातारबाबा सगळ्यांदेखत ओरडले, "देवना घरमा नींद काढस का तू?"

त्यानंतर आई मला एकटीलाच उपासनेला पाठवू लागली.

मग एक दिवस चर्चचे पाळक आमच्या दारात आले. "बहीण, तू का येत नही आते?"

आई खाली बघत म्हणाली, "माले नींद येस, पाळकसाहेब."

"मंग तठे ईसन नींद काढ. थकेल मानूसनी आखो कोठे जावानं?"

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः मागच्या भिंतीशी गोधडी अंथरली. आई भीत भीत टेकली आणि लगेच झोपली. पाळकांनी हळू आवाजात उपदेश केला. थोड्या वेळाने कापूस वेचणाऱ्या आणखी दोघी तिच्याशेजारी जाऊन आडव्या झाल्या.

उघड्या दारातून त्या तिघींच्या तोंडावर ऊन येत होतं. म्हातारबाबा उठले आणि त्यांनी आवाज न करता दार लोटून घेतलं.

तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत, थकलेल्या बाईसाठी असं दार कोणी लोटतं का हो?