येसूबाई लांब बसल्या

सातपाटीच्या येसूबाईंना साखरेचा आजार होऊन चौदा वर्षं झाली. छातीत कधी दुखलं नाही, मासळीची पाटी घेऊन जिना चढताना कधी धाप लागली नाही. सकाळी बंदरावर मासळी घ्यायची, पालघरच्या बाजारात विकायची, जेवणाआधी गोळी घ्यायची. आजाराशी त्यांचा संबंध एवढाच.

मुलगा सुजीत बोईसरला कारखान्यात. तिथला त्याच्या बरोबरीचा एकजण, साखरेचाच, शिफ्टच्या बसमध्ये हृदय बंद पडून बसल्या जागी गेला. तेव्हापासून सुजीतने आईच्या हृदयाची धास्ती घेतली. मागच्या वर्षी एका शिबिरातून तिच्या हृदयाचा सीटी स्कॅन करून घेतला. काही निघालं नाही. यंदा तो तिला विरारला एका सेंटरवर घेऊन गेला. तिथे येसूबाईंना चालत्या पट्ट्यावर चालवलं, शिरेतून औषध टोचलं आणि यंत्राखाली निजवून हृदयाचे फोटो काढले.

निघताना तिथली मुलगी म्हणाली, "आजी, त्या औषधात थोडा किरणोत्सर्ग असतो. उद्यापर्यंत ओसरेल. पाणी भरपूर प्या. घरात लहान मूल किंवा कुणी गरोदर आहे का?"

"सून हाय. सातवा लागलाय."

"मग उद्या सकाळपर्यंत तिच्यापासून लांब राहा."

सुजीतचा चेहरा उतरला.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. सून रिद्धी दारात आली, तशा येसूबाई गल्लीतूनच म्हणाल्या, "तिथंच थांब, बाय. या वयात मला परत लांब बसायला लागलंय!"

रिद्धी हसली. तिने भाकरी आणि पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली आणि मागे सरली. ते घेऊन येसूबाई किनाऱ्यावर गेल्या.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले. जबड्यात जबडा अडकवून दोऱ्यांवर टांगलेल्या हजारो जोड्या वाऱ्याने एकदम हलायच्या, एकदम थांबायच्या. चाळीस वर्षं येसूबाईंनी ते टांगले होते, पण खाली वाळूत बसून वर कधी पाहिलं नव्हतं. मधून मधून आभाळ दिसत होतं. कुणी हाक मारत नव्हतं. लहानपणी बापाने रात्री होडीतून दाखवलेलं पाणी त्यांना आठवलं, वल्हं मारलं की उजळणारं. आपल्या आत आता तसंच काही वाहत असेल, असं वाटून त्यांनी तळहात उघडून पाहिला. हात रोजचाच होता, खवल्यांनी खरबरीत झालेला.

डोळा लागला. ओहोटीचं पाणी लांब लांब गेलं, होड्या आवाज न करता वाळूवरून सरकू लागल्या. गुडघाभर पाण्यात एक लहान मुलगी उभी होती. ती जवळ यायला निघाली, तशा येसूबाई म्हणाल्या, "आज नको गं. उद्या ये." मुलीने मान हलवली आणि पाण्याशी खेळत राहिली.

जाग आली तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. भाकरी तशीच होती. ती खाऊन, पाणी पिऊन त्या आणखी थोडा वेळ बसल्या. घाई कसलीच नव्हती. त्या रात्री त्या पडवीत निजल्या.

आठ दिवसांनी पालघरला येसूबाईंच्या नेहमीच्या डॉक्टर प्रियदर्शिनींनी रिपोर्ट पाहिले. "हृदय छान चाललंय. मागच्या वर्षीही छानच होतं. मग पुन्हा कशासाठी?"

"भीती वाटायची," सुजीत म्हणाला.

"एका तपासणीचा किरणोत्सर्ग फार नसतो. पण काही त्रास नसताना दरवर्षी तो अंगावर घेऊन यांना फायदा काय? साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सांभाळूया. छातीत दुखलं, दम लागला तर त्याच दिवशी या. गरज असेल तेव्हा तपासणी मीच सांगेन." त्यांनी एक गोळी बदलली, एक वाढवली.

बाहेर आल्यावर सुजीत म्हणाला, "आय, माझं चुकलं."

"चुकलं कसलं? तुला भ्या वाटलं. पन भ्या वाटलं का आधी मला सांगायचं."

तो रिक्षा बघू लागला. येसूबाई मात्र बाजाराच्या रस्त्याने चालू लागल्या होत्या. तोही मागोमाग निघाला.