चिमूटभर लाल दवा

सौंदडच्या शाळेत रुजू झालो त्या सकाळी मी हेडमास्तर दाजीबा लंजे गुरुजींना भेटायला त्यांच्या घरी गेलो. गुरुजी अंगणातल्या टाक्यापाशी कोंबडीचे पीस घेऊन उकिडवे बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जरासे थांबा मास्तर, मेलेले येचून राहिलो." मी दोन पावले मागे सरलो! मेलेली होती ती सोनेरी माशांची अंडी.

गुरुजींचे घराणे तलाव बांधणाऱ्यांचे, त्यामुळे पाण्याचे वेड रक्तातलेच. कलकत्त्याहून रेल्वेने आणवलेली माशांची जोडी त्यांनी लेकरांसारखी जपली. पण अंड्यांवर दरसाल पांढरी बुरशी चढे आणि एका कुजक्या अंड्यापायी शेजारची चांगलीही जात. अखेर पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात ती लाल दवा त्यांनी टाक्यात घातली, तीही विहिरीच्याच मापाने! सगळी अंडी करपली. त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत. पुढच्या खेपेला पाणी जेमतेम गुलाबी करायचे, अंडी बुडवून लगेच निवळ पाण्यात घ्यायची, असे त्यांनी ठरवले.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी मादी अंडी घालून मेली. नरही त्याच रात्री गेला. वंश उरला तो त्या अंड्यांत. नेमकी तेव्हाच गावात पटकी शिरली आणि दवाखान्यातली लाल दवा संपली. गुरुजींनी अंड्यांसाठी जपून ठेवलेली लाल दवेची पुडी उचलली.

"चिमूटभर तरी ठेवा," मी म्हणालो.

"काऊन? इहिरीचं पाणी गाव पिते, मास्तर."

पुडी विहिरीत रिकामी झाली. परतल्यावर गुरुजी टाक्याच्या कडेला बसकण मारून बसले.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी मात्र त्यांना बसू दिले नाही. "धानाच्या बिजाईले मिठाचं पाणी देता, मंग अंड्याइले कायले नाही?" असे म्हणत त्यांनी मिठाचे मडके पुढे केले. मग अंडी फिक्या मिठाच्या पाण्यातून काढली, पांढरी पडलेली पिसाने वेचली. बरीच गेली, पण मूठभर पिल्ले निघाली. गुरुजी टाक्यावर वाकून ढसाढसा रडले. त्या माणसावर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

विहिरीची गोष्ट गावाने लक्षात ठेवली. आता विहिरीसाठी लाल दवा आली, की कोतवाल आधी गुरुजींच्या दारात उभा राहतो: "गुरुजी, मास्याइचा वाटा!"

गुरुजींनी साठी गाठली आहे. आमच्या गावात पटकी पुन्हा न येवो. मात्र तो वाटा दरसाल येवो, आणि तो घ्यायला गुरुजींनी पुढची कैक वर्षे आपल्या पायांनी दारापर्यंत यावे.