जहांगीरचाचांचा आरसा

आमच्यासारख्यांना मारते ती जखम. पाठीचा कणा मोडला की कमरेखाली जाण राहत नाही, बसून बसून कातडी सडली तरी पत्ता लागत नाही. हे मला जहांगीरचाचांनी सांगितलं, तेही शिव्या घालून.

मी बिडकीनचा शिवराज. एका शेडवर पत्रे बसवताना पडलो आणि तीन महिने खाटेवरून आढं बघत राहिलो. आईनं नवस बोलले, पाहुण्यांनी "बिचारा" म्हणत सफरचंदं आणली. मग कुणीतरी रोशन गेटजवळच्या कूलर दुरुस्तीवाल्या चाचांना माझं नाव कळवलं. तेही सोळा वर्षांपूर्वी गच्चीवर कूलर चढवताना पडलेले. धीर देणारं कुणी साधू माणूस येईल असं मला वाटलं होतं. तीनचाकी स्कूटरवरून एकटेच आले, तोंडात पान.

"लई रडून झालं नाय? आता पँट दाव."

पँटीचे मागचे खिसे त्यांनी ब्लेडनं उसवून टाकले. "ही शिलाई रुतली तर तुला कळणार हाय का, येड्या?" मग धडे सुरू झाले. दर पंधरा मिनिटांनी हात रेटून बूड उचलायचं. "अल्ला माफ करतो, बूड माफ करत नाय." अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं. गरम चहाचा पेला मांडीवर ठेवायचा नाही. नळीनं लघवी काढायची ती घड्याळ बघून, आणि बाहेर जायचंय म्हणून पाणी तोडायचं नाही. शेवटी त्यांनी पिशवीतून मोटारसायकलचा आरसा काढला, लांब सळईला वेल्डिंग केलेला. रोज सकाळी कुशीवर होऊन त्यात मागचं सगळं बघायचं. लाल दिसलं की त्या दिवशी बसायचं नाही, पालथं पडायचं.

मी उठून बसलो तो त्यांच्यामुळं. पुढं त्यांच्याच दुकानात कूलरच्या मोटारीला तार गुंडाळायला शिकलो. वहिदाचाची कोरोनात गेल्या, तेव्हापासून चाचा सगळं स्वतःचं स्वतः करायचे. मुलगा फरहान आणि सून मुबश्शिरा एकाच घरात, पण चाचांच्या खोलीचं दार बंद. "कुणाच्या हातचं नाय," असं छाती ठोकून सांगायचे. मला ते इतकं पटलं की मीही मंजुषाला, माझ्या बायकोला, माझ्या अंघोळीच्या वेळी आत येऊ देत नसे. ती बिचारी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची. नऊ वर्षं संसार, आणि माझी ही मिजास.

गेल्या उन्हाळ्यात चाचांनी बारीक तारेचं काम माझ्याकडं सरकवलं. "शिकशील कधी?" म्हणाले. स्वतः जाड तार बोटांनी चाचपत गुंडाळायचे. मी आपला कौतुक करत होतो, काय हात आहे माणसाचा! समोर बसून मला दिसलं नाही, याचा राग अजून जात नाही.

दिवाळीनंतर फरहानचा फोन आला. चाचांना थंडी वाजून ताप आला होता आणि खोलीला वास येत होता, म्हणून त्यानं दार ढकललं होतं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा चाचा पालथे होते. जखम हाडापर्यंत गेली होती, विष रक्तात उतरलं होतं. मी खुर्ची त्यांच्या डोक्याशी नेली.

"चाचा, आरसा?"

"रोज बघत होतो. धूर दिसायचा नुसता." मोतीबिंदू पिकला होता, दोन्ही डोळ्यांत.

"मग ऑपरेशन का नाय केलं?"

"डॉक्टर म्हणले, पंधरा दिवस हातावर जोर द्यायचा नाय. जोर नाय दिला तर खाटेवरनं खुर्चीत कसा बसू?"

"फरहाननं उचललं असतं की! निदान त्याला बघायला तरी सांगायचं."

"बाप पोरासमोर उघडा होतो का रे?"

मी चिडलो. जगाला पँट काढायला लावणारा हा माणूस, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा दाराला कडी! बोलणार होतो, पण त्यांनी माझं मनगट धरलं. हात तापानं भाजत होता.

"सगळ्यांला सगळं शिकवलं. एक राह्यलं. तुझं कुणाला तरी दाखव, बेटा."

शुक्रवारी ते गेले. कब्रस्तानात खुर्चीचं चाक मातीत रुतलं, म्हणून मी फाटकापाशीच थांबलो. मूठभर माती माझ्या नावानं फरहाननं टाकली. तिथं मी पोरासारखा रडलो.

दुपारी घरी आल्यावर मंजुषाला आत बोलावलं. कुशीवर झालो. लाजेनं कान तापले होते, तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणालो, "बघ जरा." सकाळीच आरशात बघितलं होतं, सगळं ठीक होतं.

तिनं मोबाईलची बॅटरी लावली. मग बुडाच्या घडीतली, आरशात न दिसणारी कातडी बोटानं ताणून धरली असावी, कारण तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"अवं, इथं फुटलंय. कवापासनं हाय हे?"

मला माहीत नव्हतं.